कापसात खुपसलेली पिशवी

आमच्या पिंपळगाव राजात मेलेला मोबाईल शेवटी उकिरड्यावर जातो, उकिरडा पेटतो आणि तो कडू धूर सगळं गाव हुंगतं. मला त्याची भारी चीड. म्हणून बचत गटाच्या बैठकीत मीच हट्ट धरला की घरोघरचे जुने मोबाईल, चार्जर, बॅटऱ्या गोळा करू आणि असं सामान नीट मोडणाऱ्यांची गाडी खामगावहून आली की तिच्यात देऊ. बायांनी कपाटं धुंडाळून सामान आणून दिलं. पिशवी ओसरीवर ठेवून मी शेतात गेले.

दुपारी मंजुश्रीताईंचा फोन आला. गटाला हे काम त्यांनीच शिकवलं. फुगलेली बॅटरी आहे का एखादी, त्यांनी विचारलं. होती, गटातल्या कोकिळाबाईच्या मोबाईलमधून काढलेली, पुरीसारखी टम्म. ताई म्हणाल्या, ती वेगळी काढून वाळूत ठेवा. दाबली गेली तर पेट घेते. जळेल असं काही तिच्याजवळ नको. मी तशीच घरी निघाले.

ओसरीवर पिशवी नव्हती.

माझ्या सासूबाई, तानुबाई, दारात तूर निवडत बसल्या होत्या. त्यांना विचारलं.

"लोकायचा माल असा उघड्यावर ठेवते का कोनी? कापसात खुपसला म्या. वरून चांगला तुडवला बी."

भाव येईपर्यंत आमचा कापूस घरातच असतो, मधली खोली छतापर्यंत भरलेली. गावाला जाताना सासूबाई सोन्याची पोत आणि पाटल्याही त्यातच लपवतात. चोर कपाट फोडेल, कापूस उपसत बसणार नाही, हा त्यांचा हिशेब आजवर कधी चुकला नव्हता. राखी कुठे आहे, मी विचारलं.

"कापसावरच निजली ना."

माझी लेक ढिगाच्या माथ्यावर बाहुली पोटाशी घेऊन गाढ झोपली होती. हाक मारायची भीती वाटली. दचकून उठली असती तर तिथेच उड्या मारल्या असत्या. मी वर चढले. गुडघा टेकला की वाटायचं, पिशवी नेमकी याच्याच खाली आहे. तिला बाहुलीसकट छातीशी घट्ट धरून मी घसरत खाली आले आणि अंगणातल्या लिंबाखाली बसवलं.

सासूबाईंना सगळं सांगितलं तशा त्या पदर खोचून आत शिरल्या. मी अडवलं, तर म्हणाल्या, "म्या ठेवली, म्याच काढीन." कोपर कोपर हात घालून त्यांनी पिशवी ओढून काढली. मी ती अंगणात रिकामी केली. सगळं होतं, फुगलेली तेवढी नव्हती.

कापसात सांडली असणार. दोघी कवेत मावेल तेवढा कापूस बाहेर आणून टाकू लागलो. प्रत्येक कव हातात घेताना माझा जीव मुठीत. सासूबाई पुटपुटत देवाचं नाव घेत होत्या. मला तेही सुचत नव्हतं. हे घरात मी आणलं होतं, दुसऱ्या कुणी नाही.

"आई," राखीने लिंबाखालून हाक मारली. "माह्या बाहुलीले ताप आला."

मी वळले. बाहुली फडक्यात गुंडाळलेली होती आणि राखी तिच्या पाठीला हात लावून बघत होती. "लय तापली. गादी बी तापली तिची."

मी धावले, बाहुली हिसकावली. फडक्यातून हाताला चटका बसला. रस्त्याकडेला वाळूचा ढीग होता, त्यावर ती भिरकावली. आधी फुस्स झालं, मग पांढरा धूर निघाला आणि बाहुलीचे केस भडकले. आजीने पिशवी लपवायच्या आधीच राखीने तिच्यातून बाहुलीसाठी मऊ गादी म्हणून ती फुगलेली बॅटरी निवडून घेतली होती. तिच्यावर ती पोट दाबून झोपली होती, आणि मीही तिला तशीच आवळून खाली आणलं होतं.

राखी भोकाड पसरून रडायला लागली. तिला जवळ घ्यायला गेले, पण तिला पुन्हा छातीशी आवळायला हात पुढे होईनात; तिला धरायला मला सासूबाईंनाच सांगावं लागलं.