पाहुण्याला जा म्हणू नये

माझ्या पोटावर बाहेर काढून ठेवलेल्या आतड्याला मालनबाई पाहुणा म्हणते. मालनबाई माझी बायको. सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी खालच्या आतड्यातली गाठ काढून दोन टोकं जोडली. जोड भरून येईपर्यंत तिकडे काही जाऊ नये म्हणून वरचं लहान आतडं पोटाला भोक पाडून बाहेर काढलं आणि त्यावर पिशवी चिकटवली.

पाहुणा गुरगुरतो. मी उपाशी असलो तरी गुरगुरतो. मालनबाई त्याच्याशी गोड बोलते तेव्हा लगेच उत्तर देतो, मी खेकसलो की गप्प बसतो. जयनगरात चाळीस वर्षं शिलाई यंत्रं दुरुस्त करणारा मी, खंडोजी, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा नव्हे. पण अंगावर काटा यायचा, हे खरं.

त्या दिवशी हेब्बाळच्या दवाखान्यात तपासणी होती. खालून नळीनं औषध सोडून एक्स-रेवर जोड बघायचा. जोड गळत नसेल तर पुढच्या आठवड्यात पाहुणा आत. गळत असताना आत घातला, तर घाण पोटात पसरून माणूस दगावतो, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं.

निघताना मालनबाईनं माझ्या हातावर दही घातलं. मी पोटाकडे बघून म्हणालो, "चल, नीघ आता. पुन्हा तोंड दाखवू नकोस."

तिचा चेहरा पडला. "पाहुण्याला जा म्हणू नये हो," ती म्हणाली.

हा काय तुझा मामा लागतो, असं मी तिला सुनावलं. हेब्बाळपर्यंत रिक्षानं एक खड्डा सोडला नाही, तरी पाहुण्यानं चकार शब्द काढला नाही.

तपासणीची खोली थंडगार होती. यंत्र चालवणारी महानंदा निपाणीची निघाली, त्या मजल्यावर मराठी बोलणारी तीच एक. औषध आत गेलं, मला या कुशीवरून त्या कुशीवर वळवलं. डॉक्टरांनी पडदा पाहिला, "सरी, गळती नाही," असं कानडीत म्हणाले. औषध निचरल्यावर एक शेवटचा फोटो काढायची तिथली रीत होती. पण बाहेर रांग मोठी होती, म्हणून तो राहू दे म्हणत ते गेलेसुद्धा. माझे डोळे भरून आले. मला फार आनंद झाला होता.

औषध निचरलं. महानंदा नळी काढायला वाकली आणि तशीच थांबली.

"अण्णा, थांबा म्हणलासा काय?"

मी तोंडही उघडलं नव्हतं. तसं सांगितलं. तिनं दाराकडे पाहिलं. दार बंद होतं.

"मराठीत म्हणलं कोण तरी," ती हळूच म्हणाली.

दोघांपैकी कुणालाच हसू आलं नाही. तिनं डॉक्टरांना न विचारता तो राहिलेला फोटो काढला.

आतडं रिकामं झालं होतं. पण जोडाच्या मागे बाहेर झिरपलेल्या औषधाचा एक पांढरा दोरा तसाच राहिला होता, सुईत ओवण्याइतका बारीक, आणि त्याच्या टोकाला थेंब. भरलेल्या आतड्याआड तो लपला होता. डॉक्टर परत आले, बराच वेळ पडद्यासमोर उभे राहिले. ऑपरेशन रद्द, तीन महिन्यांनी पुन्हा बघू, एवढंच त्यांनी सांगितलं. माझ्या नजरेला त्यांनी नजर दिली नाही.

घरी आलो तेव्हा मालनबाई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलो आणि सदऱ्यावरून पोटावर हात ठेवला. मला लाज वाटत होती. सहा महिने ज्याला शिव्या दिल्या, त्याच्यामुळे मी वाचलो होतो.

"राहा," मी म्हणालो. "हवे तितके दिवस राहा."

भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"अहो," मालनबाईनं आतून विचारलं, "'राहा' तुम्ही म्हणालात, ते कळलं. पण 'बरं' कोण म्हणालं?"