रविवार कुणाचा?

"या कागदावर माझी सही कुठे करायची?"

विचारलं एकदाचं! वर्गातल्या चौघींनी पैज लावली होती, तुझी हिंमतच होणार नाही म्हणून. मध्यस्थ मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. टेबलाच्या एका बाजूला आई, ड्यूटीवरून थेट आलेली, पायात नर्सचे पांढरे बूट. समोर बाबा, नखांत लिफ्टचं ग्रीस. मधे पाण्याचा जग, तसाच भरलेला.

"तुझी सही लागत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण बस. तुझ्याबद्दलच चाललंय."

आई-बाबांच्या घटस्फोटाची ही तिसरी बैठक. घर, भांडी, स्कूटर सगळं मार्गी लागलं होतं. गाडी अडली होती रविवारावर. आज सुटलं नाही, तर प्रकरण कोर्टात जाणार होतं.

"सहा दिवस पोरगी हिच्याकडेच राहणार," बाबा म्हणाले. "एक रविवार मला द्यायला काय जातं?"

"मला सुट्टी असते तीच रविवारी. आणि कुणाची लिफ्ट अडकली की हे पळणार. पोर बसेल कुलूप सांभाळत!"

"आणि तू? तुझी सुट्टी कधी रद्द होत नाही?"

"एकेक!" मॅडमनी टेबलावर पेन आपटलं.

गंमत म्हणजे वेगळं व्हायला आले तरी 'ही' आणि 'हे' सुटलं नव्हतं. पण हसायची सोय नव्हती. बाबांच्या कपाळाची शीर उडत होती.

मॅडमनी दोघांना एकेक कोरा कागद दिला. "तुमची मुलगी रविवारी काय करते, लिहा. एकमेकांचं बघायचं नाही."

आईनं चक्क हातानं कागद झाकून लिहिलं. मॅडमनी दोन्ही कागद वाचले. दोन्हींवर एकच: फुटबॉलचा सामना, सकाळी सात, गोलकीपर.

"पैकीच्या पैकी," मॅडम म्हणाल्या. "शेवटचा सामना कुणी पाहिला?"



"हे जातात ना," आई हळूच म्हणाली. "तिथे चारचौघांत तमाशा नको, म्हणून मी नाही गेले."

बाबांनी मान वर केली. "मी? मला वाटलं, तू असतेस. म्हणून मी..."

दीड वर्ष असंच चाललं होतं! घरी दोघं वेगवेगळ्या वेळी जेवायचे, कोण कुठे गेलं ते विचारायचे नाहीत. मी दोघांनाही स्कोअर सांगायचे, एकेकाला गाठून. बघायला कुणीच नव्हतं, एवढं मात्र कधी सांगितलं नाही. मैत्रिणींना म्हणायचे, गोलकीपरला प्रेक्षकांकडे बघायला वेळ कुठे असतो?

बाबा ग्रीसची नखं मुठीत लपवत होते. आईनं जग उचलला, पेल्यात पाणी ओतलं आणि पेला टेबलावर त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो धरला, पण प्यायले नाहीत.

मी उभी राहिले. आवाज माझाच होता, खणखणीत.

"मी ठरवलंय. रविवार तुमच्यापैकी कुणालाच नाही, तो माझा. सातला मैदानावर यायचं, दोघांनी. आई, तू फाटकाकडच्या गोलमागे बस. बाबा, तुम्ही पाण्याच्या टाकीकडच्या. एकमेकांशी बोलू नका, चालेल. अर्धा सामना मी आईसमोर असेन, अर्धा तुमच्यासमोर. मध्यंतरानंतर बाजू मी बदलीन. तुम्ही फक्त उठून जायचं नाही."