शेवटची आरती

उद्या लागणारी वीज बाजारातून आजच घ्यायची, तीही पाव-पाव तासाचा अंदाज बांधून. वीज नियंत्रण कक्षातल्या सुविधाने काल, चवथीच्या सकाळी, आजच्या संध्याकाळची खरेदी चक्क कमी केली होती. "साडेसहाला अख्खं पेडणे-डिचोली घरं बंद करून दीड दिवसाचे गणपती पोचवायला जातं," असं तिने जयराम साहेबांना ठणकावून सांगितलं होतं.

आता साडेसहा वाजून गेले, तरी पडद्यावरची मागणीची रेषा ढिम्म हलेना.

"सुविधा!" साहेब गरजले. "घेतलीय त्यापेक्षा जास्त वीज ओढतोय आपण!"

तिने डिचोलीतल्या आमोणे गावी आईला फोन लावला. पलीकडे झांजा आणि आरतीची मातीची वाद्यं, घुमटं, नुसती कडाडत होती.

"आई, निघालात ना?"

"अगो, आरत्या संपल्या खंय? तुझा भाऊ गौरेश म्हणतो, आणखी एक!"

सुविधाने कपाळावर हात मारला. शेवटची आरती कधीच शेवटची नसते, हे ती कशी विसरली?

"पावणेसातला पडेल रेषा, साहेब! लावा पैज!"

पावणेसातच्या ठोक्याला फोनमधली घुमटं थांबली. मोरयाचा गजर उठला, दाराला कडी लागली. रेषा थरथरली आणि धाडकन खाली आली.

जयराम साहेबांनी पायांतल्या चपला काढल्या आणि पडद्याला हात जोडले.