फ्यूज उडाला, टाळी वाजली

चार दिवसांत सत्तार वायरमनची पार नाचक्की झाली होती.

चौसष्ट सालच्या उन्हाळ्यात वरवंडच्या पोपटरावांनी पुण्याहून थंड हवेचं एक जुनं मशीन आणलं. अख्ख्या गावात पहिलं! दौंडच्या सत्तारनं ते खिडकीत बसवलं. परसात खड्डा खणून, तांब्याची पट्टी पुरून, मीठ-कोळसा घालून अर्थिंग पक्कं केलं आणि रोज तिथं घागरभर पाणी ओतायला सांगितलं. पण बटण दाबलं की फट! फ्यूज उडे. "मशीनमधी करंट गळतोय, आधी ते उघडून बघा," असं तो घसा कोरडा करून सांगत राहिला. लोक म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं.

पाचव्या दिवशी निरोप आला, मशीन सुरू झालंय, हत्यारं घेऊन जा. भर उन्हात सायकल दामटत सत्तारनं वरवंड गाठलं.

मशीन खरंच घुमत होतं. विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारा मच्छिंद्र मिशीला पीळ देत बसला होता.

"जमिनीत जाणारी वायर तेवढी तोडली," तो म्हणाला. "समदी भानगड तिचीच हुती!"

तेवढ्यात पोपटरावांची बायको सिंधूबाई ओलं फडकं घेऊन मशीन पुसायला निघाली.

"वैनी, हात लावू नका!" सत्तार ओरडला.

"आरं, दुसऱ्यानं चालू केलं म्हनून जळतं व्हय तुला?" पोपटराव कडाडले.

हत्यारांच्या पिशवीतून सत्तारनं होल्डरला लावलेला बल्ब काढला. एक वायर मशीनच्या पत्र्याला टेकवली, दुसरी अर्थिंगच्या तुटक्या टोकाला. भर दुपारी बल्ब लख्ख पेटला.

"पोपटराव, ह्या बल्बच्या जागी आत्ता वैनी असत्या. गळका करंट ह्या वायरनं जमिनीत जायचा म्हनून फ्यूज उडत हुता, तो त्यांना वाचवायला."

सिंधूबाईच्या हातातलं फडकं गळून पडलं. मच्छिंद्रचा हात मिशीवरून केव्हाच खाली आला होता.

सत्तारनं मेन स्विच बंद करून तोडलेली वायर पुन्हा घट्ट जोडली. मग स्विच वर केला.

फट!

आधी सिंधूबाईनं टाळी वाजवली, मग पोपटरावांनी, आणि शेवटी मच्छिंद्रनंसुद्धा. ज्या आवाजानं चार दिवस मान खाली घालायला लावली, त्याच आवाजावर सत्तारची छाती फुगली.

सिंधूबाई मात्र टाळ्या संपायच्या आत परसात गेली आणि भरलेली घागर तिनं अर्थिंगच्या खड्ड्यावर ओतली.