वायफायचा पासवर्ड देण्याआधी

"मम्मी, पासवर्ड सांग ना," ईश्वरी म्हणाली आणि गीतांजली पहिली दोन अक्षरं सांगून थांबली.

खरं तर थांबण्यासारखं काही घडलं नव्हतं. तान्ह्या पोळ्याला ईश्वरीने लाकडी बैल सजवून घरोघर फिरवला, तेव्हा बाकीच्यांनी नाणी नि चॉकलेटं दिली. अकोल्याच्या काकाने, म्हणजे शिवमने, मात्र बोजारा, म्हणजे पोळ्याची भेट म्हणून हा गेम कन्सोलच तिच्या हातात ठेवला. तेव्हापासून तिसरीतली ही पोर त्यातल्या एका खेळात संत्र्याची बाग लावत होती. झाडं वाढली, फळं धरली. एकट्याने खेळायला नेट लागत नव्हतं.

पण यंदा दिवाळीला ईश्वरीच्या बाबाला, अमोलला सुटी नव्हती. तो राजस्थानात सौर प्रकल्पावर. त्याच्याकडेही तसाच कन्सोल होता. बापलेकीने फोनवर बेत केला, लक्ष्मीपूजन आटोपलं की दोघांनी ऑनलाइन यायचं आणि बाबाने बाग बघायची. त्यासाठीच आता पासवर्ड हवा होता.

"सांग ना मम्मी, काय पाहून राहिली?"

गीतांजली स्क्रीन पाहत होती. कन्सोल सुरू होताना कंपनीच्या चिन्हाआधी एक भलतंच चित्र क्षणभर झळकून गेलं होतं. आधीही एकदा तिला ते दिसलं होतं, पण भाजी लागत होती म्हणून ती स्वयंपाकघरात पळाली होती. तिने कन्सोल हातात घेतला. खेळांची यादी खाली सरकवत गेली, तर ती संपेचना. एवढे खेळ आले कुठून? दुधाच्या पिशवीवरची तारीखसुद्धा दोनदा वाचणारी बाई ती. तिने शिवमला फोन लावला.

"शिवमभाऊ, ईश्वरीच्या गेममध्ये इतके खेळ कोणी टाकले?"

"मीच भरून घेतले ना, वयनी! नुसता डब्बा काय द्याचा पोरीले? पहिले नाही का आपण मेमरी कार्डात गाणे भरून आणत होतो, तसंच. भरणारी म्हणे, चिप बसवा लागते. म्हटलं बसव."

"चिप? आणि ऑनलाइन गेलं तर?"

"जाईन की. त्याले काय होते?"

त्याला काय होतं, ते गीतांजलीने मग मोबाइलवर वाचलं. वाचता वाचता चहा निवला. असे बदल केलेले कन्सोल नेटवर आले की कंपनी ते कायमचे बंद करू शकते. खेळ आत राहतात, पण ऑनलाइनचं दार पुन्हा उघडत नाही. कोणाचं लगेच बंद झालं होतं, कोणाचं कित्येक महिने चालू होतं. कंपनीला नेमकं कळतं कशावरून, हे मात्र कोणी धड सांगत नव्हतं, आणि तेवढ्यानेच तिची झोप उडाली.

शनिवारी मायलेकी अकोल्याला गेल्या. शिवमने दिलेल्या पत्त्यावर मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि भिंगाच्या यंत्राशी प्रियदर्शनी नावाची एक मुलगी बसली होती, इंजिनिअरिंग केलेली.

"हा मीच केलाय, ताई," कन्सोल पाहताच ती म्हणाली. "तुमच्या दिराले सांगितलंही होतं, वायफायले लावू नका म्हणून. ते फोनवर बोलून राहिले होते. मुंडी हलवली त्यांनी."

"त्यांची मुंडी नेहमीच हलते," गीतांजली म्हणाली. "उघडून दाखवता का? आत काय आहे ते मला बघायचंय."

प्रियदर्शनी हसली. असं कोणी म्हणत नसे. तिने मागचं झाकण काढून कन्सोल भिंगाखाली धरला. गीतांजलीने डोळा लावला. केसासारख्या तारा, आणि त्यांच्या टोकाला तांदळाच्या कणीपेक्षा बारीक झाळणाचे, म्हणजे सोल्डरचे ठिपके.

"मले पाहू दे!" ईश्वरी मध्ये घुसली. "मम्मी, हे तर आबांच्या बागेतल्या कलमेसारखं आहे. वरूडले नाही का, बुड जंबेरी लिंबाचं आन् वर संत्रं."

"बराबर," प्रियदर्शनी म्हणाली. "बुड कंपनीचं, वर माझं."

"मंग कंपनीले कसं समजते?"

"प्रत्येक कन्सोलले जन्मापासून एक ओळखपत्र असते. नेटवर गेला की तो पहिले ते दाखवते. मग काय काय खेळला, तेही सांगू शकते."

"म्हणजे चुगली करते?"

"चुगलीच म्हण."

गीतांजलीचे प्रश्न संपत नव्हते. चिप काढली तर? खेळ सगळे जातील. बाग? ती चिपच्या बाजूलाच आहे. इथून कंपनीच्या बाजूला नेली तर तिच्यावरूनच संशय येऊ शकतो. आणि कन्सोल असाच नेटवर नेला तर? "वर्षभर टिकेल, नाही तर पहिल्याच दिवशी जाईन. मी शब्द नाही देत, ताई."

ईश्वरीने कन्सोल ओढून पोटाशी धरला. एकीकडे बाग, एकीकडे बाबाबरोबरची दिवाळी. गीतांजलीने अमोलला फोन लावून स्पीकर सुरू केला.

"अहो, तुमचा कन्सोल कुठून घेतला?"

"शिवमनंच पाठवला ना. दोन्ही संगच भरले त्यानं. काहून?"

"तो ऑनलाइन लागतो का?"

"मागं लागला होता एकदा. आता नाही लागत. इथला टॉवर भंगार आहे. दिवाळीपर्यंत लागून जाईन."

"आत्ता सुरू करा. काय लिहून येतं, वाचा."

तो वाचू लागला. इंग्रजीतलं ते वाक्य, या उपकरणावर ऑनलाइन सेवा मर्यादित केल्या आहेत, आणि पुढे एक आकडा. प्रियदर्शनीने हलकेच मान हलवली. टॉवर ठीकच होता.

"आता कधीच नाही?" अमोलचा आवाज उतरला.

"कधीच नाही, दादा."

ईश्वरी रडली नाही. नुसती म्हणाली, "मंग मी एकटी जाऊन काय करू?" आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं.

गीतांजली भिंगाकडे पाहत राहिली. एक गोष्ट तिला कळत नव्हती, आणि न कळलेलं ती सोडत नसे. "मला सांगा, दोन कन्सोल एकमेकांशी बोलतात, ते दर वेळी कंपनीच्या दारातूनच जातं का?"

"लांब असले तर जाते. एका खोलीत असले तर नाही. मग थेट लागतात, नेट लागतच नाही."

"बंद केलेलासुद्धा?"

"हो. दादाचाही चालेल."

"बाबा, तू ये!" ईश्वरी ओरडली.

"अवं, सुटी असती तर आलो नसतो का?"

गीतांजली लग्नानंतर एकटी कुठे गेली नव्हती, पोरीला घेऊन तर नाहीच. रात्रीची गाडी, परकं पाणी, वाळवंटातली थंडी.

"अहो, अकोल्यावरून जयपूरकडे गाडी जाते ना?"

"इकडं येता? इथं काय आहे पाहाले, काचा आन् वाळू! क्वार्टरात एक खाट आहे, गीता."

"एका खोलीत असलं की झालं, असं म्हणाल्या ह्या."

प्रियदर्शनी तोंड वळवून हसली आणि झाकण बसवू लागली. ईश्वरी बाबाला सांगत होती की बाग तोडायची नाही, पाणी तिनेच द्यायचं, त्याने फक्त हिंडायचं. गीतांजलीने पिशवीतला मऊ टॉवेल काढून कन्सोल गुंडाळला, पुन्हा उघडला, पुन्हा गुंडाळला.

"अजून एकच विचारते," ती दारातून परत फिरली. "स्टेशनांवर फुकट वायफाय असतं. हा आपला आपण त्याला लागत तर नाही ना?"