पहाटे चढणारा काटा

शनिवारी सकाळी सातला आमचा आवाज रोह्याला नीट पोचला नाही, तर रेडिओ दुसऱ्या गावाला जाणार होता. पेणच्या हौशी रेडिओवाल्यांच्या मंडळाने तो पावसाळ्यापुरता आम्हाला दिला होता. तीन चाचण्या घेऊ, त्यातली एक तरी पार पडली पाहिजे, अशी त्यांची अट होती. दोन फुकट गेल्या होत्या.

आमचं गाव धरमतरच्या खाडीला लागून, भरतीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधाच्या आत. तीन वर्षांपूर्वी जुलैच्या उधाणाला बांध फुटला. मोबाइलचा टॉवर बंद पडला आणि होड्या पाठवा हा निरोप पेणला पोचायला अकरा तास लागले. तेवढा वेळ म्हातारी गिरजाबाई शाळेच्या पत्र्यावर बसून होती. त्यानंतर माझी सून मनस्वी परीक्षा देऊन रेडिओचा परवाना घेऊन आली. यंत्र चालवायचं तिने, तार उभारायची मी. मी दोन उंच बांबू पुरले, मध्ये वीस मीटर तार ताणली आणि तिची दोन्ही टोकं माझ्याकडच्या सगळ्यात भक्कम दोरीने बांबूंना बांधली. मिठागरात खाडीचं पाणी आत घ्यायचं दार असतं, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. ती उघाडी बावीस वर्षं मी ज्या काथ्याच्या दोरीने ओढली, तीच ही दोरी. वादळातसुद्धा तुटायची नाही.

दुखणं असं, की दुपारी सगळं छान आणि पहाटे सगळं बिघडलेलं. यंत्रावर एक काटा आहे. आपण पाठवलेली ताकद तारेतून बाहेर न जाता परत येऊ लागली, की तो वर चढतो. मी रोज वहीत लिहीत होतो. दुपारी बाराला दीड. पहाटे सहाला साडेतीन. रोह्याहून आमचा आवाज तपासणारी मंडळाची नमिता म्हणायची, "मनस्वीताई, तुम्ही विहिरीच्या तळातून बोलताय."

मंगळवारी मंडळाचा हितेश मोटारसायकलवरून येऊन सगळं तपासून गेला. आला भर दुपारी. म्हणाला, "काका, यंत्र एकदम व्यवस्थित आहे. तुमच्या गावातलंच काहीतरी त्रास देतंय. ते शोधा."

माझा संशय काळुरामवर होता. बांधाखाली त्याचा कोळंबीचा तलाव आहे. पाण्यात हवा सोडणारी त्याची मोटर रात्रभर चालते आणि सकाळी उन्हं वर आल्यावर बंद होते. वेळ अगदी जुळत होती. शुक्रवारी पहाटे मी त्याच्या खोपीवर गेलो.

"काळ्या, पाच मिनटं मोटर बंद कर."

"कोळंबी मेली तर तू भरून देशील?"

"पाच मिनटात मरते ती कोळंबी हाय का कोण हाय?"

त्याने शिव्या देत खटका पाडला. मी मनस्वीला फोन लावला. ती म्हणाली, "आबा, काटा साडेतीनवरच हाय."

काळुराम हसला. "जा आता, गावातले दिवे विझव. मग चंद्र विझव."

दिवेही विझवून पाहिले. घरातलं मीटर बंद केलं, यंत्र बॅटरीवर घेतलं, शेजारच्या तीन घरांत खटके पाडायला लावले. काटा हलला नाही. म्हणजे गाव निर्दोष होतं. बाहेरून कोणी त्रास देत नव्हतं. खोट आमच्याच अंगणात होती.

शनिवारी साडेपाचला उठून मी बांबूखाली उभा राहिलो. दोरीचं खालचं टोक खुंट्याला गुंडाळलेलं होतं. दुपारी ही दोरी फिकट, पिंगट दिसते. आता ती काळपट दिसत होती. हात लावला, तर ओली. पाऊस नाही, दव नाही, बाजूच्या दांडीवरचे कपडे कोरडे ठाक. मी दोरीचं टोक तोंडात धरून चोखलं.

मनस्वी चहा घेऊन दारात आली. "आबा! दोरी काय चघळताय?"

"खारट हाय गो."

"मिठागरातली दोरी गोड लागंल व्हय?"

मी हसायला लागलो. बावीस वर्षं मिठाच्या राशीजवळ काढली. पहाटेच्या दमट हवेत मीठ पाणी सोडतं आणि ऊन चढलं की पुन्हा सुकतं, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. गोण्या घामेजलेल्या रोज बघितल्या होत्या. दोरीत मुरलेलं मीठही तेच करत होतं. आणि खाऱ्या पाण्यातून वीज जाते. आमची ताकद तारेच्या टोकावरून दोरीत, दोरीतून हिरव्या बांबूत आणि बांबूतून जमिनीत उतरत होती. त्याने तारेचा मेळ बिघडायचा आणि उरलेली ताकद यंत्राकडे परत येऊन काटा चढवायची.

"धुऊन काढूया?" मनस्वीने विचारलं.

"बावीस वर्षांचं मीठ एका हंड्यात जात नाय. विळा आण."

सव्वासहा वाजले होते. तार खाली घेतली. दोन्ही दोऱ्या कापल्या. नळाच्या प्लॅस्टिक पाइपचे वीतभर दोन तुकडे केले, प्रत्येकाला दोन भोकं पाडली. एका भोकात तार, दुसऱ्यात जाळ्याची नवी नायलॉन दोरी. प्लॅस्टिकमधून वीज जात नाही, आणि तार-दोरी एकमेकींना कुठे टेकता कामा नयेत. दोरी ओढून तार पुन्हा चढवली, तेव्हा सात वाजायला आठ मिनिटं होती. मनस्वीने आत बटण दाबलं आणि ओरडली, "दीड! आबा, दीड!"

बरोबर सातला तिने परवान्यावरचं आपलं ओळखचिन्ह सांगितलं आणि चाचणीचा निरोप वाचला. तीन नंबरच्या उघाडीजवळ बांध फुटला आहे, चाळीस माणसं शाळेत आहेत, दोन होड्या पाठवा. नमिताने तो शब्दन् शब्द परत वाचून दाखवला. मग म्हणाली, "आज तुम्ही माझ्या शेजारी बसून बोलताय. तुम्ही पास. रेडिओ तुमच्याकडेच राहणार. पण बदललंत काय?"

मी मनस्वीला हाताने नको नको म्हणत होतो. तिने सांगितलंच. "आमच्या आबांनी मिठागरातली दोरी बांधली होती. आज चोखून बघितली, तवा कळलं."

नमिता हसली. तिच्यामागे रोह्याला आणखी कोणी दोघे-तिघे बसले असावेत, तेही हसले. त्यातल्या एकाला हसता हसता ठसका लागला, तो इकडे आमच्या ओटीवर मोजता येईल इतका स्वच्छ ऐकू आला.