जाऊन येते

मोरिया सेन्सेईंचं उत्तर आलं, बुधवारी दुपारी या म्हणून, आणि वृंदाने ते चारदा वाचलं. उत्तर येत नाही म्हणून महिनाभर झुरत होती ती. आता आलं, तर म्हणायला लागली, जरा सावकाश आलं असतं तरी चाललं असतं. उत्तराने तरी कुणाकुणाचं ऐकायचं!

मोरिया सेन्सेई, म्हणजे मोरिया सर, चिबाकडच्या एका विद्यापीठात दगडफुलांवर संशोधन करत. दगडफूल म्हणजे आपण गोड्या मसाल्यात घालतो तेच, झाडांच्या सालींवर आणि खडकांवर वाढणारं. वृंदाने एम.एस्सी.ला असताना सह्याद्रीत हिंडून दगडफुलं गोळा केली होती, त्यांच्यावर प्रबंध लिहिला होता, आणि मग लग्न करून, वर्षाची मुलगी कडेवर घेऊन शशांकमागोमाग टोकियोत, एदोगावाला आली होती. आता २००५ साल चाललं होतं. संध्याकाळी निशिकासाई स्टेशनबाहेर उभं राहिलं तर पुण्यातल्या एखाद्या चौकात उभं असल्यासारखं वाटे, इतके सॉफ्टवेअरवाले येऊन राहिले होते. शशांक त्यांतलाच एक. सहा वर्षांची ओवी जपानी शाळेत पहिलीत होती. आणि वृंदा घरी. जळणारा कचरा कोणत्या वारी टाकायचा आणि बाटल्या कोणत्या वारी, एवढ्या ज्ञानावर तिची पाच वर्षं गेली होती. आता तिला पुन्हा शिकायचं होतं. त्यासाठी आधी सेन्सेईंनी विद्यार्थिनी म्हणून घ्यायला हवं. ते हो म्हणाले तर प्रवेश परीक्षा, नाही म्हणाले तर पुन्हा बाटल्यांचा वार.

"नाव काय म्हणालीस?" पुण्याहून आईने फोनवर विचारलं.

"मोरिया."

"मोरया? अगं मग झालंच तुझं काम!"

"आई, आडनाव आहे ते. मो-रि-या."

"तेच ते. मी दूर्वा वाहते."

आईचं काम दूर्वांवर भागलं. वृंदाचं थोडंच भागणार होतं? साडी नेसावी तर फारच समारंभ वाटेल, पँट-शर्ट घालावा तर आपण दुसऱ्याच कुणी वाटू. तिने सलवार-कमीज काढला, इस्त्री केला, घडी मोडली, पुन्हा इस्त्री केला. रिकाम्या हाताने जायचं नाही ही इथली रीत. पण न्यायचं काय? शेवटी मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल एका पुडीत बांधलं. ओवी शाळेतून आली की तिला ठेवून घ्यायला खालच्या मजल्यावरच्या नंदिनीला सांगितलं, आणि विसरेल म्हणून तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी नंदिनी म्हणाली, "वृंदा, माझीही दोन मुलं जातात गं त्याच शाळेत." एवढ्यावरही चैन पडेना, तेव्हा सोमवारी तिने चक्क रंगीत तालीम केली: निशिफुनाबाशीला गाडी बदलून विद्यापीठाच्या फाटकापर्यंत गेली, फाटकाला हात लावला आणि परत आली. हे तिने शशांकला सांगितलं नाही.

शशांक रोज रात्री जेवताना तिची तयारी घेई. ऑफिसात जपान्यांशी बोलून तो पक्का झाला होता.

"आत शिरताना?"

"शित्सुरेई शिमास."

"निघताना?"

"शित्सुरेई शिमास."

"करेक्ट. येताना-जाताना तेच, 'माफ करा'. आणि हे बघ, ते जर 'मुझुकाशी' म्हणाले, तर त्याचा अर्थ 'अवघड आहे' असा घ्यायचा नाही. त्याचा अर्थ 'नाही' असा असतो. आमचा क्लायंट मुझुकाशी म्हणाला की आम्ही फाइल बंद करतो."

"आणि त्यांनी विचारलं, इथे किती वर्षं राहणार, तर?"

शशांकने वरणात पोळी बुडवली आणि तशीच ठेवली. त्याचं काँट्रॅक्ट दर मार्चला नवं होई. मार्च जवळ आला की कंपनी त्याला पुण्याच्या ऑफिसातली मोठी खुर्ची दाखवी, आणि दर वर्षी तो थोडा तिकडे झुकत असे.

"सांग, बहुतेक राहू."

"बहुतेक?"

"मग काय सांगू? माझ्या हातात आहे का ते?" तो म्हणाला, आणि विषय तिथेच राहिला.

या भाषेतलं बरंच काही वृंदाला परकं होतं, पण एक गोष्ट तिला शिकावी लागली नव्हती. ओवी सकाळी दारात बूट चढवताना ओरडे, "इत्तेकिमास!" म्हणजे, जाऊन येते. वृंदाने आतून म्हणायचं, "इत्तेराश्शाई", जाऊन ये. दुपारी दार उघडून ओवी पुन्हा ओरडे, "तादाइमा!" म्हणजे, आले गं. वृंदाच्या माहेरी उंबऱ्यात 'जाते' म्हटलं की पाठीत धपाटा मिळे. कुणाच्याही घरून निघायचं ते 'येते' म्हणून. इतक्या लांबच्या देशात तीच रीत निघाली याचं तिला भारी कौतुक होतं, आणि त्या कौतुकात जास्त खोलात जायचं राहून गेलं.

बुधवारी ती इतकी लवकर पोचली की विद्यापीठाच्या आवारात भटकण्यावाचून इलाज नव्हता. इथे लवकर जाणं हेही उशिरा जाण्याइतकंच वाईट. मग ती झाडांच्या साली बघत फिरली. चेरीच्या एका जुन्या खोडावर राखाडी-हिरवी दगडफुलं पसरली होती. तिने बोट फिरवलं, आणि आठवड्यात पहिल्यांदा तिला नीट श्वास घेता आला.

सेन्सेई बारकेसे, पांढऱ्या भुवयांचे. त्यांच्या खोलीतच दाराजवळ तीन विद्यार्थी सूक्ष्मदर्शकांत डोळे घालून बसले होते. बोलणं अर्धं इंग्रजीत, अर्धं जपानीत सुरू झालं. पुडी उघडल्यावर त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी एक तुकडा भिंगाखाली धरला, मग नाकाशी.

"तुम्ही हे खाता?"

"भाजून, वाटून. आमटीत."

"मी आयुष्यभर यांच्याकडे बघत आलो," ते म्हणाले, "पण कधी वास घेतला नाही." विद्यार्थी हसले. वृंदाही हसली. तिचा प्रबंध त्यांनी मन लावून चाळला, दोन फोटोंवर थांबून प्रश्न विचारले, आणि ती उत्तरं देत सुटली. तिला वाटलं, जमलं.

मग त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"पूर्वी माझ्याकडे एक परदेशी विद्यार्थिनी होती. हुशार. नवऱ्याची बदली झाली, ती गेली. परत येईन म्हणाली होती. तिची मोजमापं अजून अर्धवट पडली आहेत." ते खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघत होते. "दगडफूल वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतं. ते मोजायला माणूस इथे राहावा लागतो. तुम्ही राहाल?"

हो म्हणायला काय जात होतं? एक शब्द. पण ज्या माणसाने तिच्या प्रबंधाचं पान न् पान उलटलं, त्याच्याशी खोटं बोलायला तिची जीभ रेटेना, आणि 'बहुतेक' म्हणायची लाज वाटली.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "नवऱ्याचं काँट्रॅक्ट वर्षावर्षाचं आहे."

सेन्सेईंनी दातांमधून हवा आत ओढली. मान तिरकी केली.

"मुझुकाशी देस ने," ते म्हणाले.

वृंदाला शशांकचा क्लायंट आठवला. फाइल बंद! ती उठली, पर्स घेतली, वाकून नमस्कार केला. दारात वळली तेव्हा निघताना म्हणायचं ते वाक्य डोक्यातून साफ पुसलं गेलं होतं. तोंडातून निघालं ते लहानपणी पाठीत बसलेलं.

"इत्तेकिमास!"

आणि हळू नव्हे, चांगलं खणखणीत. सूक्ष्मदर्शकांवरची तिन्ही डोकी वर आली. मग एक मुलगी सवयीनेच म्हणाली, "इत्तेराश्शाई," आणि बाकीचे दोघेही तिच्यामागे म्हणाले. सेन्सेईंनी पुडी पुन्हा नाकाशी धरली. नकार दिला तरी काय अदबीची माणसं, असं म्हणत वृंदा डोळे पुसत स्टेशनावर आली.

घरी शशांकने सगळं ऐकून घेतलं. "मुझुकाशी म्हणाले? संपलं मग." मग काहीतरी विचारायचं म्हणून त्याने विचारलं, "निघताना नीट बोललीस ना?"

"इत्तेकिमास म्हणाले."

ओवीचा गृहपाठ थांबला. "एऽ? चिगाउ यो, आई! चुकलीस! ते आपल्या घरातून जाताना म्हणतात. दुसऱ्यांच्या घरातून नाही!"

वृंदाचा चेहरा उतरला. "म्हणजे मी काय म्हणाले?"

"म्हणालीस की हे माझंच घर आहे, जरा बाहेर जाऊन येते," शशांक म्हणाला आणि खो खो हसला. तिच्याकडे बघताच त्याचं हसणं आटलं.

"हस," वृंदा म्हणाली. तिला रडू आवरेना. "सगळ्या प्रश्नांची उत्तरं होती माझ्याकडे, शशांक. एकाच प्रश्नाचं नव्हतं, आणि ते उत्तर तुझ्यापाशी होतं. मी घर सोडून आले, विषय सोडून आले, तेव्हा मी 'बहुतेक' म्हटलं होतं का?"

शशांक उठून ओवीची वही बघत बसला. त्यानंतर पुण्याच्या खुर्चीचं नाव त्याने काढलं नाही. वृंदाला मात्र उठताबसता ती वर आलेली तीन डोकी दिसत आणि शरमेने कानाच्या पाळ्या गरम होत.

रविवारी सकाळी ती कणीक मळत असताना फोन वाजला. नेहमीप्रमाणे ओवीने झडप घातली. "मोशी मोशी! हाय. हाय. एऽ? हाय." एवढं 'हो, हो' करून तिने रिसीव्हर छातीशी धरला.

"आई, मोरिया सेन्सेई."

वृंदा कणकेचे हात वर धरून मागे सरली. "माफी माग. सांग, आई चुकली. तिला माहीत नव्हतं."

ओवीने भराभर सांगितलं, ऐकलं, आणि हसायलाच लागली. "ते म्हणतात, चूक कसली. निघताना इत्तेकिमास म्हणालेलं माणूस परत येतंच. त्यांचे विद्यार्थी रोज विचारतायत म्हणे, त्या बाई अजून का आल्या नाहीत." तिने पुन्हा कान लावला. "आणि विचारतायत, तू तादाइमा कधी म्हणणार? परीक्षा द्यावी लागेल, पण."

कणकेचे हात तसेच वर धरून वृंदा शशांककडे बघत राहिली. तो लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. त्याने तो मिटला.

"इथलं वर्ष एप्रिलला सुरू होतं ना? एप्रिल म्हणून सांग," तो म्हणाला.

"आणि मार्चमध्ये काँट्रॅक्ट नाही झालं तर?"

"तर मी पुण्याला जाऊन येईन," शशांक म्हणाला. "तू राहा."

वृंदाने कणकेच्याच हातांनी फोन घेतला.